सेलमचे पाच तरुण आणि मुंबईतला एक छापखाना

#थ्रेड

दि. ६ फेब्रुवारी १८१२. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील सेलम या बंदराच्या गावी, ऐन हिवाळ्यात, टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा देण्यात आली. ॲडोनिराम जडसन, सॅम्युएल नॉट, सॅम्युएल न्यूएल, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. पाचांपैकी एकाचेही वय तिशीला पोहोचले नव्हते. अमेरिकेतून समुद्रापलीकडे पाठविण्यात आलेली ही पहिली संघटित मिशनरी तुकडी. जायचे होते आशियात; पण आशियात नेमके कोठे, हे त्यांना पाठविणाऱ्या संस्थेलाही ठामपणे सांगता येत नव्हते.

या पाचांपैकी तिघे पुढे मुंबईत आले, मराठी शिकले आणि मराठीत बोलू-लिहू लागले. ज्या कार्यासाठी ते आले होते, ते त्यांच्या हयातीत जवळजवळ फसले. ते कार्य साधावे म्हणून जी साधने त्यांनी उभी केली, म्हणजे शाळा आणि छापखाना, ती मात्र मराठी समाजाने उचलली आणि आपल्या मनाप्रमाणे वापरली. ती कोणी आणि कशी वापरली, हा या थ्रेडचा विषय.

आरंभ एका गवताच्या गंजीपासून होतो. १८०६च्या उन्हाळ्यात विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थनेला जमले असता वादळ आले आणि त्यांनी गंजीच्या आडोशाला आसरा घेतला. तेथेच परदेशी मिशनची कल्पना निघाली, असे अमेरिकी चर्चचा इतिहास सांगतो. त्यांचा म्होरक्या सॅम्युएल मिल्स. स्वतः मिल्स आशियात कधीच आला नाही. १८१८ मध्ये आफ्रिकेहून परतताना तो समुद्रावरच वारला. पण त्याच्या मित्रमंडळाच्या आग्रहामुळे १८१० मध्ये ‘अमेरिकन बोर्ड’ या नावाने ओळखली जाणारी संस्था स्थापन झाली. विशीतल्या पोरांनी हट्ट धरावा आणि पन्नाशीतल्या धर्मोपदेशकांनी संस्था काढून द्यावी, असा तो सारा प्रकार होता.

बोर्डाजवळ पैसा नव्हता. मदत मिळते का ते पाहण्यासाठी १८११ मध्ये जडसनला लंडनला धाडले, तर वाटेत फ्रेंच खाजगी युद्धनौकेने त्याचे जहाज पकडले आणि स्वारी काही काळ फ्रान्समधील बायोनच्या तुरुंगात जाऊन बसली. इकडे हॉल आणि न्यूएल फिलाडेल्फियात वैद्यकाची व्याख्याने ऐकत होते. दूरदेशी औषधाची थोडी माहिती असलेली बरी, एवढाच त्यामागचा हिशेब होता. हॉलला कनेटिकटमधल्या एका चर्चने धर्मोपदेशकाची जागा देऊ केली होती. घर, मान, नियमित वेतन, सगळे त्यात आले. त्याने ती नाकारली.

या तुकडीत तीन स्त्रियाही होत्या आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्यांची नावे बहुधा ‘पत्नी’ या एका शब्दाखाली झाकली जातात. त्यांतली हॅरिएट ॲटवुड अवघी अठरा वर्षांची. सेलमच्या दीक्षासमारंभानंतर तिसऱ्या दिवशी तिचा न्यूएलशी विवाह झाला आणि त्यानंतर दहा दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, ती ‘कॅरव्हान’ या जहाजात बसून निघाली. आईला आपण पुन्हा भेटणार नाही, हे तिला ठाऊक होते. त्या काळी मिशनरी परत येण्यासाठी जात नसत.

कॅरव्हान १७ जून १८१२ला हुगळीत पोहोचले. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले. बातमी यायला वेळ लागला, पण आली तेव्हा हे तरुण एकाएकी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले.

युद्ध नसते तरी त्यांचे स्वागत झाले नसतेच. आज सर्रास असा समज असतो की, कंपनी सरकार आणि मिशनरी हातात हात घालून आले. १८१३ पूर्वीची वस्तुस्थिती निराळी होती. ईस्ट इंडिया कंपनीला व्यापार आणि महसूल हवा होता. धर्माच्या प्रश्नावरून प्रजा बिथरणे तिला परवडणारे नव्हते. १८०६च्या वेल्लोरच्या बंडाची धास्ती अजून गेली नव्हती. शिपायांच्या पगडीचा, गंधाचा आणि दाढीमिशांचा प्रश्न किती पेटू शकतो हे कंपनीने तेथे पाहिले होते. विल्यम केरीसारख्या इंग्रज मिशनऱ्यालाही कलकत्त्यात बस्तान बसविता आले नाही. त्याने डॅनिश अंमलाखालच्या श्रीरामपूरचा आश्रय घेतला. मग अमेरिकनांची काय कथा! त्यांना ताबडतोब निघून जाण्याचा हुकूम झाला.

येथून तुकडी फुटली. जडसन आणि राइस यांनी बाप्तिस्म्याविषयीचे आपले मत बदलले आणि कलकत्त्यातच ते बॅप्टिस्ट झाले. ज्या बोर्डाने त्यांना पाठविले, त्याच्याशी अर्थातच संबंध तुटला. जडसन पुढे ब्रह्मदेशात गेला आणि राइस अमेरिकेला परतला. न्यूएल दांपत्य मॉरिशसकडे निघाले. हॅरिएट गरोदर होती. भर समुद्रात ती प्रसूत झाली, मूल पाच दिवसांत गेले, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसमध्ये क्षयाने तिचे निधन झाले. वय एकोणीस.

हॅरिएटला सेवा करायला मिळाली नाही. तिने एकही शाळा चालविली नाही, कोणाला दोन अक्षरे शिकविली नाहीत, एकही आशियाई भाषा तिला नीट शिकता आली नाही. तरीही पाचांपैकी कोणाहूनही तिचे नाव अमेरिकेत अधिक गाजले. तिची पत्रे आणि रोजनिशी १८१४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली, आवृत्त्यांवर आवृत्त्या खपल्या, आणि पुढील पिढीतल्या कित्येक मुलींची नावे ‘हॅरिएट न्यूएल’ ठेवण्यात आली. मिशनसाठी पैसा आणि माणसे मिळविण्याच्या कामी मुंबईतल्या बारा-तेरा वर्षांच्या कष्टांपेक्षा हा एक मृत्यू अधिक उपयोगी पडला, असे म्हणावे लागते. त्यात हॅरिएटचा काही दोष नाही. पण ज्या लोकांची सेवा करायची होती, ते लोक या गाथेत कोठेच दिसत नाहीत, हेही नोंदवायला हवे.

हॉल आणि नॉट मात्र कलकत्त्याहून निसटून ११ फेब्रुवारी १८१३ला मुंबईस येऊन ठेपले. तेथेही गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या हाती त्यांना इंग्लंडला रवाना करण्याचा आदेश येऊन पडलेला. दोघांनी एकदा तर देशी गलबतातून कोचीनकडे पळ काढला आणि तेथून त्यांना परत आणण्यात आले. मग हॉलने नेपियनला लिहिले. त्या पत्राचा रोख धीट होता: धर्मप्रसाराची आज्ञा ईश्वराची आहे, ती अडविण्याचा अधिकार राज्यकर्त्याला नाही, आणि अडविलीच तर त्याचा जाब एका वरच्या न्यायासनापुढे द्यावा लागेल. एका परक्या, निर्धन, एकोणतीस वर्षांच्या माणसाने गव्हर्नरला असे लिहावे, हे विशेषच. नेपियन स्वतः धार्मिक वृत्तीचे गृहस्थ होते. त्यांनी कालहरण केले. तेवढ्यात १८१३ची नवी सनद आली, मिशनऱ्यांना परवाना घेऊन येण्याची वाट मोकळी झाली आणि या दोघांना राहू देण्यात आले. मार्च १८१४ मध्ये श्रीलंकेमार्गे न्यूएलही येऊन मिळाला. नॉट प्रकृतीच्या कारणाने १८१५ मध्ये मायदेशी परतला.

त्या मुंबईचे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. पुण्यात अजून दुसऱ्या बाजीरावाची गादी होती. घाट ओलांडला की पेशव्यांचा मुलूख. मराठी शिकायची तर साधने अपुरी: केरीचे १८०५चे व्याकरण आणि १८१०चा मोडी लिपीत छापलेला कोश. मोल्सवर्थच्या कोशाला अजून पंधरा-सोळा वर्षांचा अवकाश होता. खरा शिक्षक म्हणजे पंडित आणि बाजार. हॉल रोज रस्त्यांवर, देवळांच्या आवारात, तळ्यांच्या काठी, जत्रांत जाऊन बोलू लागला.

तो काय बोलत होता, तेही सांगितले पाहिजे. देशी लोकांच्या धर्माविषयी या मंडळींना कणभर आदर नव्हता. मूर्तिपूजा म्हणजे अंधार आणि अंधारातला माणूस नरकात जाणार, ही त्यांची प्रामाणिक समजूत होती. १८१८ मध्ये हॉल आणि न्यूएल यांनी मिळून एक पुस्तिका लिहिली. तिच्या नावातच जगातील साठ कोटी अख्रिस्ती लोकांचा हवाला होता. जत्रेत जमलेल्या माणसाकडे पाहताना हॉलला त्या साठ कोटींतला एक दिसत असावा. समोरच्या माणसाला मात्र तोडकी-मोडकी मराठी बोलणारा, टोपी घातलेला, चिडत नसलेला एक गोरा दिसे. लोक ऐकत, हसत, वाद घालत आणि निघून जात.

धर्मांतरे होईनात. मिशनचा पहिला बाप्तिस्मा झाला तो १८१९ मध्ये, आणि तोही हैदराबादकडील एका मुसलमान गृहस्थाचा. नाव कादर यार खान. हॉल वारला तोवर धर्मांतरितांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच राहिली होती.

शाळा मात्र चालल्या. मिशनने मुलांसाठी मराठी शाळा काढल्या तेव्हा ख्रिस्ती शिक्षक मिळणेच शक्य नव्हते. म्हणून पगार देऊन हिंदू पंतोजी नेमले गेले. म्हणजे व्यवस्था अशी की, ब्राह्मण पंतोजी मुलांना अक्षरे शिकविणार, वाचायला पुस्तक बायबलच्या गोष्टींचे, आणि मिशनरी आठवड्यातून येऊन पाहणी करणार. मुले पुस्तक वाचायला शिकत आणि घरी जाऊन आपल्या देवाला नमस्कार करीत. पालकांनाही हे ठाऊक होते. लेखन-वाचन-हिशेब फुकट मिळत असेल, तर गोष्ट कोणत्या देवाची आहे याकडे त्यांनी काणाडोळा केला. यात फसवणूक कोणाचीच नव्हती. दोन्ही पक्ष आपापला हिशेब धरून वागत होते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बेने इस्राएल समाजाचे आहे. कोकण किनाऱ्यावर शतकानुशतके राहणारा, मराठी बोलणारा, तेल गाळण्याचा धंदा करणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवतो म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविला जाणारा हा ज्यू समाज. अमेरिकन मिशनऱ्यांना त्यांचे विशेष अप्रूप वाटले, कारण बायबलचा जुना करार हा मुळी ज्यूंचाच ग्रंथ. सुरुवातीच्या वर्षांतच बेने इस्राएल मुलांसाठी शाळा निघाल्या, जुन्या कराराचे भाग मराठीत मिळू लागले, पुढे स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. अपेक्षा अशी होती की, जुना करार वाचून ही मंडळी आपोआप नव्याकडे वळतील. झाले उलटेच. त्यांनी हिब्रू शिकून घेतली, मराठी बायबल वाचले आणि आपला ज्यू धर्म अधिक पक्का केला. ख्रिस्ती झालेले बेने इस्राएल फारच थोडे. जगातल्या इतर ज्यूंच्या परंपरेशी या समाजाची जी नव्याने ओळख झाली, तिच्यात मिशनऱ्यांचा वाटा मोठा आहे, आणि तो त्यांनी मुळीच योजलेला नव्हता.

१८२४ मध्ये मिशनने मुंबईत मुलींची शाळा सुरू केली. त्या वेळी मुलीला शिकविले तर ती विधवा होते, असे मानणाऱ्यांचा काळ होता. मुलींच्या शाळांकडे लक्ष देण्यासाठी डिसेंबर १८२७ मध्ये सिंथिया फरार मुंबईत उतरल्या. अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठविलेल्या पहिल्या अविवाहित अमेरिकी महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. वय बत्तीस. पुढची चौतीस वर्षे त्यांनी येथेच काढली.

आता छापखाना. १८१६च्या अखेरीस होरेशिओ बार्डवेल हा मुद्रणाची माहिती असलेला मिशनरी आला. यंत्र आणि देवनागरी टाइप कलकत्त्याहून आणले आणि १८१७ मध्ये मिशनच्या मुद्रणालयातून मराठी मजकूर बाहेर पडू लागला. अक्षरे बोजड, ओळी वेड्यावाकड्या. पण हस्तलिखित पोथ्यांच्या प्रांतात एकाच मजकुराच्या शेकडो सारख्या प्रती निघणे, हे मुंबईकरांना नवल होते. मॅथ्यूच्या शुभवर्तमानापासून सुरुवात झाली आणि संपूर्ण नवा करार १८२६ मध्ये छापून झाला. भाषांतराचा मोठा भार हॉलने वाहिला होता.

ते वर्ष हॉलला पुरे पाहता आले नाही. मृत्यूने हे मिशन आधीच पोखरले होते. न्यूएल १८२१ मध्ये कॉलऱ्याने गेला होता. मागाहून आलेले जॉन निकोल्स १८२४ मध्ये आणि एडमंड फ्रॉस्ट १८२५ मध्ये वारले. हॉलने पत्नीला आणि दोन मुलांना हवापालटासाठी अमेरिकेला पाठविले होते. त्यांतला एक मुलगा प्रवासातच दगावला. मार्च १८२६च्या आरंभी हॉल नाशिक-त्र्यंबककडे दौऱ्यावर निघाला. नाशकात कॉलऱ्याचे थैमान चालले होते. फिलाडेल्फियातली ती व्याख्याने येथे कामी आली. जवळची औषधे आणि पुस्तके वाटत तो काही दिवस तेथे राहिला आणि दोन्ही संपत आल्यावर मुंबईकडे परत फिरला. वाटेत एका गावी रात्री देवळाच्या ओसरीवर मुक्काम पडला. तेथेच पहाटे कॉलऱ्याने त्याला गाठले. औषध उरले होते ते पोटात ठरेना. २० मार्चला काही तासांतच सारे आटोपले. बरोबर होती फक्त दोन पोरगेली मुले. त्यांनी कशीबशी जागा मिळवून, शवपेटीवाचून, त्याला पुरले. वय एकेचाळीस, त्यांतली तेरा वर्षे मराठी मुलखात गेलेली.

देऊळ ही हॉलच्या लेखी सैतानाची जागा. शेवटच्या रात्री आसरा तेथेच मिळाला. त्याच्या चरित्रकारांनी या प्रसंगाकडे अनाथपणाचे चित्र म्हणून पाहिले. वाटसरूला ओसरी मोकळी असणे हा या मुलखाचा रिवाज होता, हे त्यांच्या ध्यानी आले नसावे.

मुंबईत मागे राहिलेली माणसे इतकी थोडी होती की मिशन बंद पडण्याच्या बेतात आले. पण नव्या तुकड्या आल्या आणि १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे उघडले. सिंथिया फरार १८३९ मध्ये तेथे गेल्या. या नगरच्या शाळा पाहायला पुण्याहून दोन मित्र आले होते: सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि जोतीराव फुले. फरारबाईंची मुलींची शाळा पाहून आपल्या मनात विचार पक्का झाला, असे फुल्यांनी पुढे स्वतः नमूद केले आहे. १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यातली शाळा निघाली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंकडे घेतले, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते. फुल्यांनी मिशनऱ्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले, त्यांच्याकडून पुष्कळ घेतले आणि ते ख्रिस्ती झाले नाहीत. १८७३ मध्ये त्यांनी आपला स्वतंत्र सत्यशोधक समाज काढला.

बॉस्टनच्या कचेरीत हा जमाखर्च बरोबर दिसत नव्हता. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन स्वतः हिंदुस्थानात पाहणीसाठी आले. शाळांवर इतका खर्च आणि ख्रिस्ती इतके थोडे, असे का? त्यांच्या धोरणानुसार इंग्रजी शाळांना कात्री लागली आणि मातृभाषेतून धर्मोपदेशावर भर देण्यात आला. अँडरसन निर्दय माणूस नव्हता. त्याच्या दृष्टीने शाळा हे साधन होते आणि साधन उपयोगी पडत नसेल तर ते टाकून देणे प्राप्त होते. नगरच्या एखाद्या मुलीच्या दृष्टीने मात्र शाळा हीच मिळालेली वस्तू होती. सेवा कोणासाठी, हा प्रश्न येथे उघडा पडतो. आणि बोर्डाचे अहवाल वाचताना त्या मुलीची बाजू लिहिलेली सापडत नाही.

छापखान्याची गोष्ट त्याहून गमतीची आहे. मिशनच्या मुद्रणालयातले काम पाहून गणपत कृष्णाजी या मुंबईच्या गृहस्थाने स्वतः खटपट करून शिळाप्रेस उभा केला आणि १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. शाईत चरबी असते म्हणून सोवळे लोक छापील कागदाला शिवत नसत; त्याने तुपाची शाई केली. त्याच सुमारास मुंबईत जॉन विल्सन यांच्याशी मोरभट दांडेकरांचा जाहीर वाद झाला, आणि मिशनऱ्यांना दिलेली उत्तरेही मग छापूनच निघू लागली.

आणि जावजी दादाजी. घरच्या गरिबीमुळे हा मुलगा लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागला. तेथे टॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली देवनागरी अक्षराचा साचा कसा कोरावा, धातू कसा ओतावा, जोडाक्षरे कशी बसवावी, हे तो डोळ्यांनी शिकला. १८६४ मध्ये त्याने स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. नव्या करारासाठी घडविलेल्या कसबातून आता पंचांगे, पुराणे, संस्कृत काव्ये-नाटके सुबक अक्षरांत बाहेर पडू लागली आणि काशीपर्यंतच्या पंडितांच्या घरी जाऊन पोहोचली.

सेलमला दीक्षा घेतलेल्या पाचांपैकी तोवर एकटा सॅम्युएल नॉट हयात होता. ऐंशी वर्षांचा होऊन तो अमेरिकेत वारला, ते वर्षही १८६९च.